मराठी संकेतस्थळांचे पृष्ठांतर्गत शोध-अनुकूलन : एक चिकित्सा

सारांश : संकेतस्थळावरील मजकूर शोधयंत्रास सापडावा व समजावा यासाठी प्रत्यक्ष पृष्ठावरच ज्या सुधारणा केल्या जातात, त्यांना पृष्ठांतर्गत शोध-अनुकूलन म्हणता येईल. गूगलच्या यासंबंधीच्या प्रारंभिक मार्गदर्शिकेतील तत्त्वे मराठी मजकुरास कितपत लागू पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. मराठीपुरते हे काम तंत्रज्ञाचे कमी आणि संपादकाचे अधिक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शोधयंत्र, युनिकोड, सामान्यरूप, शीर्षक, संशोधनपत्रिका.

१. प्रस्तावना

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राची रचना एका शोधनिबंधातून मांडली. एखाद्या पृष्ठाकडे इतर कोणती पृष्ठे दुव्यांद्वारे निर्देश करतात, यावरून त्या पृष्ठाचे महत्त्व ठरवावे, हा त्या रचनेचा गाभा होता. तेव्हापासून संकेतस्थळाच्या शोधक्षमतेची दोन अंगे मानली जातात. बाहेरून येणारे दुवे हे एक अंग होय. त्यावर लेखकाचा ताबा नसतो. पृष्ठाचे शीर्षक, उपशीर्षके, मजकूर, चित्रांची वर्णने आणि पृष्ठाचा पत्ता हे दुसरे अंग. ते मात्र पूर्णपणे पृष्ठ तयार करणाऱ्याच्या हाती असते.

हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा व जाहिरातदारांचा आहे, असा समज अध्यापकवर्गात आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. एखादा अध्यापक दोन-तीन वर्षे खपून आपल्या तालुक्यातील ओव्यांवर किंवा पाणीवाटपाच्या जुन्या पद्धतीवर मराठीत लेख लिहितो, महाविद्यालयाची पत्रिका तो प्रसिद्ध करते, अंक संकेतस्थळावरही चढवला जातो. आणि त्याच विषयावर काम करणाऱ्या दुसऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास तो लेख सापडत नाही. त्या विद्यार्थ्यापुरता तो लेख लिहिलाच गेलेला नसतो. मराठीत ज्ञाननिर्मिती होत नाही, या नेहमीच्या तक्रारीत न सापडणाऱ्या लेखनाचाही वाटा आहे, हे या अनुषंगाने ध्यानात घ्यावयास हवे.

२. मार्गदर्शिकेचे स्वरूप

गूगलने आपली प्रारंभिक मार्गदर्शिका नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक पृष्ठास स्वतंत्र व नेमके शीर्षक द्यावे, पत्ता समजेल असा ठेवावा, दुव्याचे शब्द अर्थपूर्ण असावेत, चित्रांस वर्णन जोडावे, अशा साध्या सूचना तीत होत्या. बेसबॉलची चित्रपत्रे विकणारे एक काल्पनिक दुकान उदाहरणादाखल घेतले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मार्गदर्शिका बरीच आटोपशीर करून नव्याने मांडण्यात आली. कोणत्या गोष्टींची चिंता करू नये, याची यादी हा नव्या रूपाचा विशेष म्हणावा लागेल. कळशब्दांची छुपी नोंद निरुपयोगी आहे (गूगलने हे २००९ मध्येच जाहीर केले होते), एकच शब्द पुनःपुन्हा पेरणे गैर आहे, लेखाच्या लांबीचे कोणतेही जादुई माप नाही, उपशीर्षकांच्या संख्येवर व क्रमावर क्रमवारी ठरत नाही, असे तीत स्पष्टपणे सांगितले आहे.

मार्गदर्शिकेचा मूळ विचार निर्दोष आहे. पृष्ठ वाचकासाठी लिहावे, यंत्रासाठी नव्हे, हा तो विचार होय. शब्दांची घनता टक्केवारीत मोजून देणाऱ्या सल्लागारांच्या तुलनेत ही भूमिका कितीतरी प्रामाणिक आहे. परंतु तिच्या मुळाशी एक अनुच्चारित गृहीतक आहे. पृष्ठावरील मजकूर हा मुळात यंत्रास वाचता येणारा मजकूर आहे आणि त्यातील शब्द बहुधा एकाच रूपात लिहिले जातात, असे ती धरून चालते. इंग्रजीपुरते ते बव्हंशी खरे आहे. मराठीच्या बाबतीत मात्र ही दोन्ही गृहीतके तपासावी लागतात.

३. लिपी आणि संकेतन

देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. विंडोज २००० या प्रणालीबरोबर 'मंगल' हा युनिकोड टंकही आला. तरीही पुढील अनेक वर्षे मराठी मजकूर श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिला जात होता. या पद्धतीत संगणकात साठवले जाते ते रोमन अक्षर. टंक त्यास केवळ देवनागरीचा वेश देतो. वाचकास पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, शोधयंत्रास मात्र रोमन अक्षरांची निरर्थक मालिका मिळते. अशा पृष्ठावर शीर्षक व उपशीर्षके कितीही काळजीपूर्वक योजली तरी तो सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

ही केवळ इतिहासजमा झालेली अडचण नाही. पृष्ठरचनेसाठी आजही जुने टंक वापरून पीडीएफ धारिका तयार केली जाते, तेव्हा तोच दोष तिच्यात उतरतो. याची चाचणी अगदी सोपी आहे : धारिकेतील एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी. तेथे मराठी उमटले नाही, तर शोधयंत्रासही तेथे मराठी दिसत नाही. पाने छायांकित करून चढवली असतील, तर मजकूर म्हणून काहीच उरत नाही. अक्षर-ओळखीच्या तंत्राने त्यातून काही शब्द हाती लागतात. पण जोडाक्षरे व मात्रा-वेलांट्या पुसट असल्या की त्यावर विसंबता येत नाही.

युनिकोडमध्येही प्रश्न पूर्णपणे सुटतो असे नाही. 'शेतकऱ्यांसाठी' हा मराठी पृष्ठांवर वारंवार येणारा शब्द घ्यावा. यातील अर्धा 'र' दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त येतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह येते. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, पण केवळ चिन्हांची तुलना करणाऱ्या शोधास ते दोन भिन्न शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात तेच अक्षर 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले आढळते. मोठी शोधयंत्रे अशी काही रूपे आपापल्या परीने जुळवून घेत असतीलही; परंतु संकेतस्थळाच्या अंतर्गत शोधाकडून, ग्रंथालयाच्या सूचीकडून अथवा धारिकेतील साध्या शब्दशोधाकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. एका संकेतस्थळावर एकच पद्धत पाळणे, हा येथे सुचणारा पहिला नियम होय.

४. एक शब्द, अनेक रूपे

एकच गोष्ट वेगवेगळे लोक वेगवेगळ्या शब्दांत शोधतात, हे मार्गदर्शिकेस मान्य आहे. मात्र प्रत्येक पर्याय लेखकाने हेरून ठेवण्याची गरज नाही, यंत्राची भाषिक समज पुरेशी प्रगत आहे, असे ती सांगते. हा विश्वास मराठीत जपून वापरावयास हवा. इंग्रजी नाम बहुतेक वेळा आपले मूळ रूप टिकवून धरते. मराठीत विभक्तीप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि मूळ शब्द बदलतो. 'कापूस' चे 'कापसावर' होते, 'गहू' चे 'गव्हावर', 'पाऊस' चे 'पावसात'. शोधणारा शेतकरी 'कापूस बोंडअळी' असे मूळ रूप टंकित करतो. लेखात मात्र आरंभापासून शेवटपर्यंत 'कापसाचे', 'कापसावर', 'कापसातील' अशीच रूपे असू शकतात. लेख संपूर्णपणे कापसावर असूनही त्यात 'कापूस' हा शब्द एकदाही नसणे मराठीत शक्य आहे.

यावर एक उपाय मराठीच्या अंगभूत रचनेतच आहे. कृषी-विस्ताराच्या लेखनात 'कापूस पिकावरील गुलाबी बोंडअळी', 'गहू पिकावरील तांबेरा' अशी रचना रूढ आहे. येथे विकार 'पीक' हा शब्द सोसतो आणि 'कापूस', 'गहू' ही नामे अविकृत राहतात. याच रीतीने 'सातारा जिल्ह्यातील' असे लिहिल्यास 'साताऱ्यातील' या रूपात हरवणारे 'सातारा' हे नाव जसेच्या तसे टिकते. शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात एकदा अशी रचना योजली, तर पुढे लेखकाने नेहमीच्या मराठीत मोकळेपणाने लिहावे. शब्द पेरण्याची गरज उरत नाही आणि वाक्यही बिघडत नाही.

याउलट, लोक चुकीचे लिहितात म्हणून अशुद्ध रूपेही पृष्ठावर मुद्दाम घालावीत, असा सल्ला दिला जातो. तो स्वीकारार्ह वाटत नाही. वाचकास त्यातून काही मिळत नाही आणि पृष्ठाची विश्वासार्हता कमी होते. प्रमाणलेखनाबाबतच्या वादांत कोणतीही बाजू घेतली, तरी शोधक्षमतेच्या दृष्टीने लेखनाची एकरूपता महत्त्वाची ठरते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

५. शीर्षक, पत्ता आणि चित्रे

'मुखपृष्ठ', 'सूचना', 'लेख क्र. ३' अशी शीर्षके मराठी संकेतस्थळांवर सर्रास दिसतात. निकालांच्या यादीत वाचकास प्रथम शीर्षकच दिसत असल्याने त्याची उपेक्षा सर्वाधिक महागात पडते. शीर्षकात विषय, स्थळ आणि आवश्यक तेथे काळ यावा, हा संशोधनलेखनाचा जुनाच संकेत येथेही पुरेसा आहे.

पत्त्याच्या बाबतीत मराठीची अडचण वेगळी आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ चिन्हांत लिहिला जातो. 'मराठी' या शब्दात ५ चिन्हे आहेत; पत्त्यात त्याची ४५ होतात. असा पत्ता संदेशातून पाठविल्यास किंवा छापील संदर्भसूचीत दिल्यास तो वाचण्याजोगा राहत नाही. मार्गदर्शिकेच्या म्हणण्याप्रमाणेही पत्त्यातील कळशब्दांचा क्रमवारीवर फारसा परिणाम होत नाही. तेव्हा लहान, स्थिर व रोमन लिप्यंतरातील पत्ता ठेवण्यात भाषेचा अवमान मानण्याचे कारण नाही. अभिमानाची जागा पृष्ठावरील मजकुरात आहे.

चित्रांच्या वर्णनाचा मुद्दा मात्र शोधापुरता मर्यादित नाही. सूचना, वेळापत्रके, प्रवेशाचे निकष अनेकदा चित्ररूपाने चढवले जातात. अंध विद्यार्थ्याच्या पडदावाचकास त्यातील एक अक्षरही वाचता येत नाही. पृष्ठाच्या भाषेची नोंदही याच प्रकारात मोडते. पृष्ठाची भाषा गूगल दृश्य मजकुरावरूनच ठरवते, त्यामुळे ही नोंद शोधाच्या दृष्टीने गौण आहे. परंतु पडदावाचकाने मजकूर हिंदी उच्चारात वाचावा की मराठी, हे तिच्यावर अवलंबून असते. शोध-अनुकूलनाचा विचार केवळ क्रमवारीच्या अंगाने केला, तर असे विद्यार्थी त्यातून वगळले जातात. नव्या मार्गदर्शिकेचा भर 'चिंता करू नये' यावर असल्याने हा धोका वाढतो, हे नोंदविणे आवश्यक आहे.

६. संशोधनपत्रिकांचा प्रश्न

गूगल स्कॉलर ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली. तिचे समावेशाचे नियम प्रसिद्ध आहेत : प्रत्येक लेख स्वतंत्र धारिकेत असावा, धारिका ५ मेगाबाइटपेक्षा मोठी नसावी, पहिल्या पानावर शीर्षक मोठ्या अक्षरात व त्याखाली लेखकाचे नाव असावे, सारांश खुलेपणाने दिसावा. महाविद्यालयीन पत्रिका मात्र बहुधा संपूर्ण अंक एकाच जड धारिकेत चढवतात. तीस लेखांचे एकच शीर्षक, आणि तेही अनेकदा पृष्ठरचनाकाराने धारिकेस दिलेले कामचलाऊ नाव, एवढेच यंत्रास मिळते. अंक प्रसिद्ध झाल्याचे समाधान संस्थेस लाभते. लेख मात्र अप्रसिद्धच राहतो.

७. समारोप

गूगलची मार्गदर्शिका वाचकास केंद्रस्थानी ठेवते, हे तिचे बलस्थान होय. मजकुराचे संकेतन व शब्दांची रूपे यांविषयी मराठी लेखकास जे हवे ते तीत नाही, ही तिची मर्यादा होय. ती मर्यादा भरून काढण्याचे काम गूगलचे नाही. ते मराठीत लिहिणाऱ्यांचे व प्रसिद्ध करणाऱ्यांचे आहे. त्यासाठी मोठा निधीही लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये असणे, लेखन एकरूप असणे, शीर्षक नेमके असणे, प्रत्येक लेखास स्वतंत्र पृष्ठ असणे आणि चित्रांस वर्णन असणे, या पाच गोष्टी संपादक मंडळ अंक छापावयास देताना मुद्रितशोधनाबरोबरच पाहू शकते. मुद्रितातील एक चूक राहिली तर वाचक अडखळतो. या पाचांतील पहिलीच गोष्ट राहून गेली, तर वाचक लेखापर्यंत पोहोचतच नाही.