हरवले होते ते नाव

काराव्हाज्योचे 'ख्रिस्ताची अटक' हे चित्र दोन शतके हरवले होते, असे सर्रास लिहिले जाते. या चित्राच्या मालकीचा प्रवास तपासला असता हे विधान आम्हांस मान्य होत नाही. चित्र कोणत्या ना कोणत्या घरी जपलेले होतेच. हरवले होते ते चित्रकाराचे नाव.

रोमचे उमराव चिरियाको मात्तेई यांनी हे चित्र करवून घेतले. २ जानेवारी १६०३ रोजी त्यापोटी १२५ स्कुदी दिल्याची नोंद त्यांच्या हिशेबवहीत आहे. १६७२ साली बेल्लोरीने आपल्या चरित्रग्रंथात चित्राचे वर्णनही केले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर डच चित्रकार होन्टहोर्स्ट याचे नाव चढले आणि १८०२ साली स्कॉटलंडचे विल्यम हॅमिल्टन निस्बेट यांनी ते त्याच नावाने विकत घेतले. १९२१ साली एडिंबरात ते लिलावास निघाले. नंतर ते डब्लिनच्या डॉ. मेरी ली-विल्सन यांच्याकडे आले. त्यांचे पती, पोलीस अधिकारी पर्सिव्हल, १९२० साली आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात गोळ्यांना बळी पडले होते. त्या दुःखात येशूसंघीय धर्मगुरूंनी दिलेल्या आधाराची उतराई म्हणून त्यांनी १९३०च्या दशकात हे चित्र संघाला अर्पण केले. लीसन स्ट्रीटवरील संघाच्या निवासात ते भोजनगृहात लागले.

१९९० साली जीर्णोद्धारतज्ज्ञ सेर्जो बेनेदेत्ती यांनी ते तेथे पाहिले. फ्रान्चेस्का काप्पेलेत्ती आणि लाउरा तेस्ता या दोन तरुण संशोधिकांनी रेकानाती येथील मात्तेई दप्तर धुंडाळून चित्राचा माग काढला होता. जाणकाराची नजर आणि जुन्या वह्या यांची साक्ष जुळली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात चित्र लोकांपुढे आले. पुढे ते बोस्टन (१९९९), लंडन (२०१६) आणि रोम (२०२५) येथील प्रदर्शनांतही मांडले गेले.

नाव बदलल्याने चित्र बदलले काय? रंगाचा एक ठिपकाही नाही. गेथशेमाने बागेचे एकही झाड येथे नाही. काळोखात सात व्यक्तींची दाटी आहे. यहूदाची पकड घट्ट आहे, शिपायाचे चिलखत लखलखते आहे आणि प्रभूचे हात मात्र एकमेकांत गुंफलेले, निमूट आहेत. उजवीकडे कंदील उंचावून पाहणारा मनुष्य हा चित्रकार स्वतःच, असे अभ्यासक मानतात. त्याच्या कंदिलाने दृश्य फारसे उजळत नाही. प्रकाश दुसरीकडूनच येतो. साक्षीदाराची मर्यादा एवढ्या सचोटीने मांडणारे चित्र आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

म्हणूनच आम्हांस वाटते की, या इतिहासातील सर्वांत मोलाची नोंद १२५ स्कुदींची नव्हे. विक्रीची कागदपत्रे चित्राची किंमत सांगतात. त्या विधवेच्या दानाने त्याचा अर्थ सांगितला. मोठे नाव ठाऊक नसतानाही दुःखी मनाला हे चित्र देण्याजोगे वाटले, यात त्याच्या थोरवीचा पुरावा आहे. मालकी आजही येशूसंघाची आहे. दीर्घ मुदतीच्या उसनवारीने चित्र मात्र सर्वांचे झाले आहे. दान पुढे चालू ठेवण्याची याहून उचित रीत आम्हांस सुचत नाही.