सगळ्यांना एकदाच सांगून टाकणं

'एम्बॅरसिंग बॉडीज' या ब्रिटिश कार्यक्रमावर एक ठरलेला विनोद आहे. ज्या माणसाला आपली मूळव्याध एका डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, तो ती अख्ख्या देशाला दाखवायला कसा तयार होतो? हा प्रश्न विचारून लोक हसतात आणि पुढचा व्हिडिओ लावतात. मला मात्र त्याचं खरंच उत्तर हवं आहे, कारण कार्यक्रमात जे काही बघण्यासारखं आहे ते याच प्रश्नात आहे.

चॅनल फोरवर २००७ साली तो 'एम्बॅरसिंग इलनेसेस' म्हणून आला आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव बदललं. ख्रिश्चन जेसन, पिक्सी मॅकेना आणि डॉन हार्पर हे तीन डॉक्टर आणि त्यांचं शहरोशहरी फिरणारं क्लिनिक. साचा ठरलेला. माणूस आधी कॅमेऱ्याशी बोलतो: कधीपासून त्रास आहे, त्यामुळे काय काय बंद झालं. पोहणं बंद, जोडीदारासमोर दिवा लावणं बंद. मग तपासणी, आणि ती धूसर न करता दाखवतात. मग उपचार. शेवटी काही आठवड्यांनंतरचा हसरा चेहरा.

पहिलं सोपं उत्तर म्हणजे प्रसिद्धी. ते पटत नाही. गाण्याच्या स्पर्धेत हरलेल्यालाही कुणी कार्यक्रमाला बोलावतं. गुदद्वाराच्या भेगेसाठी टीव्हीवर आलेल्याला कोण बोलावणार?

दुसरं उत्तर पैसा. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरं आहे. टीएलसीवर २०१८ पासून आलेला 'डॉ. पिंपल पॉपर' बघा. त्यात डॉ. सँड्रा ली कातडीखालच्या चरबीच्या गाठी काढतात. अशी गाठ जिवाला धोका नसेल तर तिथल्या विमा कंपन्या 'सौंदर्यासाठीचा उपचार' म्हणून बहुधा हात वर करतात. मानेवर लिंबाएवढी गाठ घेऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्याला ती काढून मिळणार असेल, तर कॅमेरा ही परवडणारी फी आहे. पण ब्रिटनमध्ये १९४८ पासून एनएचएस आहे. तिथे घराजवळच्या डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत. तरी लोक टीव्हीवर येतात. म्हणजे पैशाने अर्धंच उत्तर मिळतं.

उरलेल्या अर्ध्यातला थोडा भाग वेळेचा आहे. एनएचएसच्या डॉक्टरकडे एका पेशंटसाठी साधारण दहा मिनिटं असतात. लाजेची गोष्ट सांगणारा माणूस पहिली आठ मिनिटं खोकल्याबद्दल बोलतो. खरं दुखणं तो दाराच्या मुठीवर हात ठेवून सांगतो, किंवा न सांगताच निघून जातो. टीव्हीला मात्र पूर्ण गोष्ट हवी असते. सुरुवात, हाल, रडू, सगळं. कारण स्वार्थी असलं तरी तिथे ऐकून घेतलं जातं.

आणि तिथले डॉक्टर परके असतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गिऑर्ग झिमेल याने १९०८ साली परक्या माणसावर एक छोटं टिपण लिहिलं. जवळच्यांपासून काळजीपूर्वक लपवलेल्या गोष्टी परक्याला बिनदिक्कत सांगितल्या जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. हे मला झिमेलच्या आधी माझ्या मावशीने शिकवलं. तिला चार वर्षं अंग बाहेर येण्याचा त्रास होता. घरात कुणाला माहीत नव्हतं, अगदी माझ्या आईलाही नाही. पहिल्यांदा तिने ते सांगितलं कोल्हापूर-पुणे एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिला कुठं माझं नाव माहीत होतं? कराडला उतरली नि गेली."

पण झिमेलची परकी व्यक्ती कराडला उतरून जाते. टीव्ही उतरत नाही. तो तुमच्या सासूच्या, बॉसच्या, दहावीच्या वर्गातल्या मुलांच्या घरातही चालू असतो. तेव्हा एसटीतल्या बाईवरून टीव्हीचं कोडं पूर्ण सुटत नाही.

इथे मला माझ्या कामातली एक गोष्ट उपयोगी पडते. कुठल्याही सिस्टिममध्ये एखादी फाइल लपवणं सोपं असतं. कटकट असते ती परवानग्यांच्या यादीची: कोणाला दिसावी, कोणाला नाही, कोणाला अर्धवट. यादी वाढत जाते आणि ती सांभाळण्यातच सगळा वेळ जातो. शरीराच्या गुपिताचंही तसंच होतं. दुखणं दिवसातून तासभर त्रास देत असेल, पण यादी चोवीस तास चालू असते. बहिणीला माहीत आहे, नवऱ्याला नाही. मैत्रिणीला सहलीला न येण्याचं एक कारण सांगितलंय, ऑफिसात दुसरं. मला वाटतं, टीव्हीवर येणारी माणसं या यादीला कंटाळलेली असतात. सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं की यादीच उरत नाही. एका डॉक्टरला सांगितल्याने यादीत फक्त एक नाव वाढतं. म्हणून देशाला सांगणं डॉक्टरला सांगण्यापेक्षा सोपं, हे दिसतं तेवढं विचित्र नाही.

आपल्याकडे यासाठी दुसरी वाट होती: निनावी पत्र. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. पुढे मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी वर्तमानपत्राच्या सदरातून वयाच्या नव्वदीतही हेच काम केलं. निनावी पत्राने माहिती मिळते, आणि तोच प्रश्न मनात दाबून बसलेल्या इतरांनाही मिळते. पण पत्र लिहिणारा होता तिथेच राहतो, आपली यादी सांभाळत. 'एम्बॅरसिंग बॉडीज'मधला माणूस चेहरा दाखवतो आणि यादीतून सुटतो. एवढं श्रेय या कार्यक्रमाला द्यायलाच हवं.

माझी तक्रार त्यापुढची आहे. मावशीबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता बरं झालंय ना, मग लिही." ऑपरेशनच्या आधी विचारलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. कार्यक्रमही नेमका याच अटीवर चालतो. शेवटचा हसरा चेहरा हा सौद्याचा भाग आहे. प्रेक्षक 'आधी' बघून घेतो, कारण 'नंतर' येणार हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे निवड अशाच दुखण्यांची होते, जी एका ऑपरेशनने किंवा मलमाने जातात आणि डोळ्यांना दिसतात. ज्याचा आजार जन्मभराचा आहे, ज्याला आयुष्यभर पोटाला पिशवी लावून जगायचंय, त्याला या साच्यात मधली जागा मिळते, शेवटची नाही. खरं तर यादी सगळ्यात जास्त काळ त्यालाच सांभाळायची असते. लाज सोडा, असं म्हणणारा कार्यक्रम नकळत असं शिकवतो, की लाज बरं झाल्यावर सोडायची.

नावाचंही तेच. लाज वाटण्यासारखं काही नाही, हे डॉक्टर प्रत्येक भागात सांगतात. पण जाहिरातीआधीचा क्लोजअप बरोबर उलटं सांगतो. प्रेक्षक दचकलाच नाही तर पुढचा भाग कोण बघणार?

तरीही त्यात एक जागा आहे, जिच्यासाठी मी हा कार्यक्रम बघायला सांगेन. माणसाने सांगून झालेलं असतं, कपडे अजून अंगावर असतात, निदान व्हायचं असतं. डॉक्टरच्या कपाळावर आठी येत नाही. तो हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारतो, "कधीपासून होतंय?" समोरच्याचे खांदे खाली येतात. औषध मिळण्याच्या आधीच येतात, हे लक्षात ठेवा. त्याला कॅमेरा लागत नाही, ऑपरेशनही लागत नाही. आपल्या घरात कुणी असं काही बोलायला सुरुवात केली, तर आपला पहिला प्रश्न कुठल्या सुरात येतो, एवढं या कार्यक्रमातून घेता आलं तरी मला पुरे आहे.