ऐतिहासिक दफनभूमींचे स्थापत्य : नोंदीची परंपरा आणि जतनाचा प्रश्न (विशेष संदर्भ – सुरत)

प्रस्तावना :

सांस्कृतिक वारसा म्हटला की किल्ले, लेणी, मंदिरे आणि राजवाडे यांचाच विचार प्रामुख्याने होतो. दफनभूमींकडे मात्र एकतर धार्मिक स्थळ म्हणून किंवा परकीय सत्तेचे अवशेष म्हणून पाहिले जाते. त्यांचे स्थापत्य अभ्यासाचा विषय क्वचितच होते. सुरतेतील सतराव्या शतकातील इंग्रज व डच थडग्यांच्या आधारे या उपेक्षेची आणि नोंदीच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नोंदीची परंपरा व तिची मर्यादा :

भारतातील युरोपीय दफनभूमींची नोंद करण्याची परंपरा जुनी आहे. सी. आर. विल्सन यांची बंगालमधील थडग्यांवरील लेखांची सूची १८९६ मध्ये, तर ज्युलियन जेम्स कॉटन यांची मद्रास प्रांताची सूची १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७० च्या दशकात लंडनमध्ये स्थापन झालेल्या दक्षिण आशियातील दफनभूमींविषयीच्या ब्रिटिश संस्थेने हे कार्य पुढे नेले. तिचा संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. या परिश्रमांचे मोल निर्विवाद आहे. अनेक शिळा आज नष्ट झाल्या असल्या तरी त्यांवरील मजकूर या सूचींमुळेच उपलब्ध होतो.

तथापि, या परंपरेचा केंद्रबिंदू वास्तू नसून मृत व्यक्ती हा आहे. नाव, हुद्दा, मृत्युतिथी आणि कोरलेला मजकूर यांना तीत प्राधान्य मिळते. घुमट कसा पेलला आहे, विटांची बांधणी कोणती, चुन्याचा गिलावा कसा केला, या प्रश्नांना तेथे दुय्यम स्थान आहे. थडगे हे केवळ कागदपत्राचे दगडी रूप आहे, असे गृहीतक या पद्धतीमागे दिसते. वंशावळ शोधणाऱ्यास ती पुरेशी असली, तरी स्थापत्याच्या इतिहासकारास ती अपुरी पडते.

सुरतेचे उदाहरण :

सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन मराठी वाचकास अपरिचित नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वारीच्या वेळी वखारीच्या बचावाचे नेतृत्व त्याच्याकडे होते. तो १६६९ मध्ये मरण पावला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्येच निवर्तला होता. ख्रिस्तोफरच्या लॅटिन मृत्युलेखात आयुष्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या भाषेत मांडला आहे. हा चमत्कृतिपूर्ण लेख अभ्यासकांचे लक्ष सहज वेधून घेतो. परंतु ज्या दुमजली, घुमटयुक्त वास्तूत दोघे भाऊ विसावले आहेत, ती अधिक बोलकी आहे. तिची घडण इंग्लंडमधील चर्चच्या आवारातील थडग्यांसारखी नाही. तिचे नाते मुघलकालीन मकबऱ्यांशी आहे. मरणोत्तर वैभवातून कंपनीची प्रतिष्ठा स्थानिक अधिकाऱ्यांच्या आणि प्रतिस्पर्धी डचांच्या नजरेत भरावी, हा हेतू त्यामागे असावा.

डच दफनभूमीतील हेंड्रिक आद्रियान व्हान रीड याचे अष्टकोनी, दुमजली थडगे याच स्पर्धेची साक्ष देते. व्हान रीड १६९१ मध्ये मरण पावला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडी ग्रंथाचा (१६७८–१६९३) तो कर्ता-करविता होता. या ग्रंथाला इट्टी अच्युतन या वैद्याप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांचेही साहाय्य लाभले. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ग्रंथातील स्थानिक सहकाऱ्यांची नावे अशी टिकली. थडगे उभारणाऱ्या गवंड्यांच्या वाट्याला मात्र तसे प्रमाणपत्र आले नाही. त्यांच्या कौशल्याचा पुरावा म्हणून केवळ ती वास्तूच शिल्लक आहे.

या थडग्याच्या जुन्या वर्णनांत भित्तिचित्रे, कुलचिन्हे आणि खिडक्यांतील लाकडी कोरीव काम यांचा उल्लेख आढळतो. शब्दांतील अशा उल्लेखावरून नक्षीचे प्रमाण, रंगसंगती किंवा जोडकाम यांची कल्पना येत नाही. मोजमापासह आरेखन नसेल तर लोप पावलेला भाग कायमचाच हरवतो.

संरक्षण : कायदा आणि वास्तव :

सुरतेतील ही थडगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत समाविष्ट आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करता येते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र निश्चित झाले. देशातील बहुसंख्य जुन्या दफनभूमी मात्र या कक्षेबाहेर, चर्च, विश्वस्त संस्था अथवा नगरपालिकांच्या ताब्यात आहेत. तेथे झाडांची मुळे सांध्यांत शिरतात, संगमरवरी पाट्या नाहीशा होतात. सद्‍हेतूने केलेली सिमेंटची दुरुस्तीही घातक ठरते. चुना ओलावा बाहेर पडू देतो, तर सिमेंट तो आत कोंडते. परिणामी क्षार साचून जुनी वीट भुसभुशीत होते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारक हे त्याच्या परिसरापासून अविभाज्य मानले असून, जतनाच्या प्रत्येक टप्प्याची रेखाचित्रे व छायाचित्रांसह नोंद आवश्यक ठरवली आहे. या कसोटीवर केवळ मृत्युलेखांची सूची उतरत नाही.

निष्कर्ष :

वसाहतकारांच्या थडग्यांवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा, हा आक्षेप गैरलागू म्हणता येणार नाही. थडगे हे केवळ मृताचे स्मारक मानले तर त्यास समाधानकारक उत्तर नाही. ते बांधणाऱ्यांचेही स्मारक मानले, तर सुरतेतील हे घुमट गुजरातच्या स्थापत्यपरंपरेचाच एक अध्याय ठरतात. म्हणून मृत्युलेखाबरोबरच आराखडा, साहित्य, बांधकामतंत्र, परिसर आणि झालेल्या दुरुस्त्या यांची एकत्रित नोंद होणे आवश्यक आहे. इतिहास, स्थापत्य, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विभागांना हे कार्य महाविद्यालयीन पातळीवर एकत्र येऊन करता येईल. अन्यथा नावे सूचीत सुरक्षित राहतील आणि ती नावे धारण करणाऱ्या वास्तू मात्र नाहीशा होतील.