चेहऱ्याआधी खोली

चित्रकला शिकत असताना आम्हांला सांगत, भाव डोळ्यांत असतो. डोळे साधले की माणूस साधला. त्या भरवशावर मी आईचं चित्र काढायला घेतलं. वडील गेल्यानंतर ती दुपारभर माजघरात भिंतीला टेकून बसायची, तशी. डोळे तीनदा पुसून पुन्हा रंगवले. पाहणारे म्हणाले, 'हुबेहूब!' हुबेहूब होती खरी, पण ती त्या खोलीत बसलेली नव्हती. भिंत तिच्यामागे नाटकातल्या पडद्यासारखी लोंबत होती. चूक कुठे झाली, ते मला अमृता शेरगिलच्या तीन चित्रांनी दाखवलं.

पहिलं १९३२चं 'यंग गर्ल्स'. अमृता तेव्हा १९ वर्षांची, पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये ल्यूसिएन सिमाँ यांच्या हाताखाली शिकत होती. खोलीत बहीण इंदिरा आणि मैत्रीण डेनिस बसल्या आहेत. इंदिरा नीटनेटकी, सावरून बसलेली. डेनिसचे कपडे अर्धवट, मोकळे सोनेरी केस चेहऱ्यावर आलेले. म्हणजे दोघींपैकी एकीचा चेहरा अमृताने जवळजवळ झाकूनच टाकला आहे. तरी चित्रातलं अवघडलेपण येतं ते हिच्याच अंगातून. एकीच्या सावरलेपणाशेजारी दुसरीचं विस्कटलेपण ठेवलं आहे, आणि दोघींना वावरायला खोलीत फारशी जागा नाही. डोळे न दाखवता भाव दाखवता येतो, हा माझा पहिला धडा. १९३३मध्ये पॅरिसच्या सलाँत या चित्राला सुवर्णपदक मिळालं.

१९३४च्या अखेरीस अमृता भारतात परतली. पुढच्याच वर्षी तिने 'थ्री गर्ल्स' रंगवलं. त्याला १९३७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, आणि आज तिचं नाव निघालं की बहुतेकांना हेच चित्र आठवतं. यात खोली नाही. तीन मुली आहेत, खाली गेलेल्या नजरा आहेत, मागे नुसता रंग. चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण माझी एक तक्रार आहे. या मुली कुठे बसल्या आहेत, कुणाची वाट पाहत आहेत, याचा काहीच पत्ता लागत नाही. त्यामुळे त्यांचं दुःख कुणाचंही होऊ शकतं. 'भारतीय स्त्रीचं दुःख' असं म्हणून आपण सहज मोकळे होतो.

१९४०चं 'वूमन रेस्टिंग ऑन चारपॉय' तसं मोकळं होऊ देत नाही. अमृता तेव्हा गोरखपूरजवळच्या सराया इथे राहत होती. लाल कपड्यांतली बाई बाजेवर पडली आहे, शेजारी दुसरी पंखा घेऊन बसली आहे. बाजेचे लाल पाय चित्रात असे उभे राहतात की ती बाज विसाव्याची राहत नाही, कुंपण होते. सामान म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. खोली रंगवणं म्हणजे वस्तू भरणं नव्हे, हेही इथेच समजतं. लांबलेली दुपार, उकाडा, कुठे जायचं नसणं हे सगळं त्या एका बाजेने सांगितलं आहे. पॅरिसमध्ये कमावलेली खोली इथे परत आली, पण घरातल्या बायकांच्या दुपारीची होऊन.

हे पाहून मी आईचं चित्र पुन्हा काढलं. तेव्हा लक्षात आलं, पहिल्या वेळी मी भिंत स्वच्छ रंगवली होती. खरी भिंत स्वच्छ नव्हती. वडील रोज टेकायचे तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, आणि आई तो डाग मोकळा सोडून, थोडी बाजूला सरकून बसायची. वर्षभर मी ते रोज पाहत होतो.

या वेळी आधी डाग रंगवला. मग त्याच्याशेजारी आई. डोळ्यांना चार फटकारे पुरले.