वॉर्डच्या काचपेटीतली हवा

नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये राहणारा डॉक्टर. त्याला नेच्यांचे आणि शेवाळाचे विलक्षण वेड होते, पण कोळशाच्या धुराने त्याच्या अंगणात काही जगू दिले नाही. १८४२ मध्ये त्याने एक लहानसे पुस्तक काढले. काचेने नीट बंद केलेल्या पेट्यांमध्ये झाडे कशी वाढतात, एवढाच त्याचा विषय. चहाची आणि सिंकोनाची रोपे समुद्रापार नेणाऱ्या पेट्यांचे मूळ म्हणून इतिहासात या पुस्तकाची नोंद होते. मी मात्र ते उष्णता आणि हवा यांच्या व्यवहाराचे पुस्तक म्हणून वाचतो. घरात कपाटाएवढा ग्रो बॉक्स ठेवून तुळस, मिरची, पालेभाजी वाढवणाऱ्याला उन्हाळ्यात जे जे प्रश्न पडतात, त्यांची सुरुवात इथे आहे.

पुस्तकाचा गाभा म्हणजे १८२९ मधली बाटलीची हकिगत. पतंगाचा एक कोष वॉर्डने ओलसर पालापाचोळ्याच्या मातीत पुरून, झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवला होता. पतंग बाहेर येण्याची वाट पाहताना त्याला दिसले, की दिवसा मातीतला ओलावा वर चढतो, काचेवर दव होऊन जमतो आणि पुन्हा मातीत उतरतो. मग त्या मातीतून एक नेचा आणि गवताची एक काडी उगवली. अंगणात ज्या वनस्पतीपुढे त्याने हात टेकले होते, ती इथे आपणहून आली होती. वॉर्डने बाटली अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवून दिली. जवळजवळ चार वर्षे, पाण्याचा एक थेंब न घालता, दोन्ही जगली. पुढे तो गावाला गेलेला असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले आणि ती मेली.

ही गोष्ट सांगताना लोक दवाच्या फेऱ्यापाशीच थांबतात. वॉर्ड मात्र जाता जाता आणखी एक तपशील नोंदवतो: खिडकी उत्तरेची होती. माझ्या मते सगळ्या पुस्तकात याहून मोलाचा तपशील नाही. लंडनसारख्या ठिकाणी उत्तरेच्या खिडकीला उजेड मिळतो, पण थेट ऊन जवळजवळ नाही. तीच बाटली दक्षिणेच्या खिडकीत असती, तर जुलैच्या एखाद्या दुपारी नेचा शिजला असता आणि पुस्तक लिहिलेच गेले नसते. पुढे त्याने जिन्याच्या खिडकीबाहेर सुमारे आठ फूट लांब-रुंद असे नेच्यांचे काचघर बांधले, तेही उत्तरेलाच. उष्णता आत आल्यावर तिच्याशी झगडण्यापेक्षा तिला आधीच दाराबाहेर ठेवणे, ही त्याची पहिली युक्ती.

दुसरी युक्ती फटींची. वॉर्डची पेटी हवाबंद आहे असा समज तेव्हाही पसरला होता आणि तो खोडून काढण्यासाठी त्याला बरीच शाई खर्चावी लागली. काचा लाकडात कितीही नेटक्या बसवल्या तरी सांध्यांतून हवा जातच राहते, आणि ती जावी हेच त्याला हवे होते. साधा हिशेब करून पाहा. पेटीतली हवा पहाटे २० अंशांवर असेल आणि दुपारी ४० अंशांवर गेली, तर ती सुमारे ७ टक्के फुगते. तेवढी बाहेर जाते आणि रात्री थंडावताना तेवढीच बाहेरची आत ओढली जाते. काजळी मात्र बहुतेक फटीबाहेरच राहते. पंखा नाही, वीज नाही, पण पेटी रोज एक संथ श्वास घेते. हे वाचताना मला दर वेळी आनंद होतो, कारण जो चढउतार आपण झाडाचा शत्रू मानतो, त्यालाच इथे कामाला लावले आहे.

मग येते जहाजाचे प्रकरण. इथे वॉर्डची भाषा फार कोरडी होते, आणि तो कोरडेपणाच परिणाम साधतो. १८३३ मध्ये नेचे, शेवाळ आणि गवते भरलेल्या दोन पेट्या जहाजावरून सिडनीला गेल्या आणि सुखरूप पोचल्या. फेब्रुवारी १८३४ मध्ये त्याच पेट्या ऑस्ट्रेलियातली झाडे भरून परत निघाल्या. पुढे तो केवळ थर्मामीटरचे आकडे देतो. सिडनीत ९० ते १०० अंश फॅरनहाइट. केप हॉर्नला वळसा घालताना २०, आणि डेकवर फूटभर बर्फ. विषुववृत्तावर १२०. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंग्लिश खाडीत ४०. आपल्या मापात सांगायचे तर उणे ७ पासून ४९ अंश सेल्सियसपर्यंतचा प्रवास. आठ महिने झाडांना ना पाणी घातले, ना वर आडोसा केला. हॅकनीच्या लॉडिजेस यांच्या रोपवाटिकेत पेट्या उघडल्या, तेव्हा झाडे टवटवीत होती. विशेषणे जवळजवळ नाहीतच, पण आकड्यांची ती उतरंड वाचताना छातीत धडधडते.

एवढी टोके झाडांनी सोसली कशी? माझा कौल असा, की उघड्या डेकवर वारा होता आणि पातळ काच त्या वाऱ्यात सतत निवत होती. दुपारी मातीतले पाणी वाफ होताना उष्णता उचलते, ती वाफ काचेवर थंड होताना तीच उष्णता काचेला देते आणि काच ती बाहेर टाकते. म्हणजे वॉर्डच्या भिंती दोन कामे करतात: उजेड आत घेतात आणि ऊब बाहेर सोडतात. दुसरे काम थांबले की काय होते ते पुढच्या काळात दिसले. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमने पेरूहून आणलेली सिंकोनाची रोपे अशाच पेट्यांतून तांबड्या समुद्रातून मुंबईमार्गे निलगिरीला गेली. तांबड्या समुद्रातल्या उष्म्याने ती इतकी खचली, की पुढे जगली नाहीत. जिथे रात्रही गरम असते, तिथे पेटीला निवायला वेळच मिळत नाही.

आता आजचा ग्रो बॉक्स पाहा. त्याच्या भिंती अपारदर्शक, आतून चकचकीत अस्तराच्या. उजेड बाहेरून येत नाही आणि ऊबही भिंतीतून सहज जात नाही. शिवाय सूर्यच आत टांगलेला. १०० वॅटचा एलईडी जेवढी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. वॉर्डची काच जे काम करत होती, ते आता एकट्या पंख्याच्या गळ्यात पडते. पेटी खोलीपेक्षा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर १०० वॅटला तासाला साधारण ६० घनमीटर हवा खेळती ठेवावी लागते. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि दीड मीटर उंच पेटीतली सगळी हवा मग दर अर्ध्या मिनिटाला बदलते. वॉर्डचा दिवसाचा तो ७ टक्क्यांचा श्वास कुठे आणि हे कुठे!

म्हणून दिव्याला वीज पुरवणारा आणि स्वतःही तापणारा ड्रायव्हर पेटीबाहेर काढावा. गरम हवा वर चढते, तर पंखा वरच्या कोपऱ्यात बसवावा आणि हवा आत येण्याची भोके खाली, पंख्याच्या तोंडापेक्षा मोठी ठेवावीत. पाइपला वळणे कमीत कमी द्यावीत, कारण प्रत्येक वळण आणि प्रत्येक जाळी पंख्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यातून आपला वाटा कापून घेते. पाण्याची वाफ अजूनही आपली सोबतीण आहे: पानांतून एक लिटर पाणी उडाले, तर १०० वॅटच्या दिव्याची जवळपास सात तासांची उष्णता ते घेऊन जाते. पण ती वाफ बाहेर काढली तरच. आत राहिली तर दिवा बंद झाल्यावर पेटी कोंदट होते आणि पानांवर भुरी येते. पंखा दिव्यासोबत बंद करू नये, तो हळू का होईना चालू ठेवावा.

आणि पंख्याच्या हातात नसलेली एक गोष्ट आहे. तो पेटीला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असताना मोठा पंखा आणून काही साधत नाही. अशा वेळी दिवे संध्याकाळी उशिरा लावून सकाळी बंद करावेत, म्हणजे झाडाचा दिवस आपल्या रात्रीत पडतो. उत्तरेची खिडकी निवडणाऱ्या वॉर्डचीच ही रीत आहे.

नवा पंखा घेण्याआधी पानांच्या उंचीवर, दिव्याच्या थेट झोतात येणार नाही असा, एक थर्मामीटर टांगा आणि एक अख्खा दिवस-रात्र त्याचे आकडे लिहून ठेवा. मग वॉर्डचे जहाजाचे प्रकरण वाचा.