प्रश्न विचारला की अश्लील

आमच्या हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवानांचं दिगंबर जैन मंदिर आहे. तिथे माणसं नग्न मूर्तीपुढे हात जोडतात आणि कुणाच्याही मनात वावगं येत नाही. उघडं फिरणारं तान्हं पोर तर गावभर कौतुकाचं. मग आपल्याला नग्नतेची लाज वाटते, हे विधान तसंच्या तसं खरं नाही. शरीर देवाचं किंवा बाळाचं असेपर्यंत अडचण नसते. त्या शरीराला इच्छा असली, प्रश्न असले, की ती सुरू होते.

र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ वाचताना हे लख्ख दिसतं. १९२७ ते १९५३ चाललेल्या या मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीची चित्रं असत. आज चर्चा त्यांचीच जास्त होते. मला ती चित्रं या मासिकातली सगळ्यात कमी धाडसाची गोष्ट वाटते. खरा जीव वाचकांच्या पत्रांत आहे. माणसं हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल विचारतात आणि कर्वे न रागावता, न हसता उत्तर देतात. १९३४ मध्ये खटला झाला तो अशाच उत्तरांवरून. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. कर्वे हरले, दोनशे रुपये दंड झाला.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. त्यांचं गद्यही गणितासारखंच आहे: गृहीतक, पायऱ्या, उत्तर. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला ते आवडतं. पण त्यांची मर्यादाही तिथेच आहे. लाज म्हणजे जणू एक बग. बरोबर माहिती भरली की सुटेल, असं ते धरून चालतात.

तसं झालं नाही. आज औंढ्याच्या, सेनगावच्या पोराच्या खिशात दिवसाला दीड जीबी डेटा आहे. त्याने सगळं पाहिलेलं असतं. तरी बहिणीच्या पाळीला घरात ‘कावळा शिवला’च म्हणतात, आणि तिचा फोन तोच तपासतो. कारण लाज नुसत्या अज्ञानातून आलेली नाही, ती राखणीला बसवलेली आहे. पोरीने कुणाशी बोलायचं, कोणत्या जातीत जायचं, घरची ‘इज्जत’ कुणाच्या अंगावर ठेवायची, हे सगळं ती सांभाळते. जातीचा हा धागा कर्व्यांच्या गणितात पुरेसा येत नाही.

रवी जाधवांच्या ‘न्यूड’मध्ये तो निदान पोटापाण्याच्या बाजूने दिसतो. कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणारी यमुना मुलापासून आपलं काम लपवते. चित्र भिंतीवर लागू शकतं, पण त्यातल्या बाईला आपली मजुरी कशाची हे सांगता येत नाही. २०१७ च्या इफ्फीसाठी परीक्षकांनी निवडलेला हा सिनेमा माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला.

मग कर्वे आज कशाला वाचायचे? त्यांच्या भाषेसाठी. आमच्या शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सुटला. त्यानंतर शरीरासाठी दोनच प्रकारचे शब्द उरले: पुस्तकातले संस्कृत आणि कट्ट्यावरच्या शिव्या. डॉक्टरसमोर पहिला तोंडात येत नाही, दुसरा उच्चारता येत नाही. मग माणूस ‘खाली त्रास आहे’ म्हणतो. बायकोशी, नवऱ्याशी बोलतानाही हीच पंचाईत. कर्व्यांनी या दोन टोकांच्या मधली सरळ मराठी लिहून दाखवली. ती कोरडी आहे, तिच्यात मायेचा ओलावा कमी आहे, पण विचारणाऱ्याला ती खाली मान घालायला लावत नाही.

दंड झाल्यावरही त्यांनी एकोणीस वर्षं अंक काढले. आज आपण तेच प्रश्न रात्री ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत टाकतो, तेही बहुतेक इंग्रजीत, आणि सकाळी हिस्ट्री कोरी असते. ‘समाजस्वास्थ्य’ला पत्र लिहिणाऱ्याला निदान आपल्या भाषेत पूर्ण वाक्य लिहावं लागत होतं.