नेणीव, जात आणि सई

कल्याणच्या महाविद्यालयात मी ‘बलुतं’ शिकवतो. अत्याचाराच्या पानांवर वर्ग पेटून उठतो. पण एखादी विद्यार्थिनी विचारते, “सर, त्यांनी सईला का सोडलं?” मग मुले खाली पाहतात. मीही पुष्कळ दिवस खालीच पाहत आलो.

‘बलुतं’ (१९७८) ची रचनाच पाहा. दगडू मारुती पवार बोलतो आणि सुशिक्षित दया पवार ऐकतो. एकाच माणसाची ही दोन रूपे. आपण नाकारलेल्या आपल्याच अंशाला युंगने ‘छाया’ म्हटले. इथे ती छाया तोंड उघडते. मनोविश्लेषणाची एवढी मदत घ्यायला आमची हरकत नसावी.

हरकत पुढे आहे. फ्रॉइडची वाट बालपणाकडे, आईबापांकडे जाते. दगडूला घडवणारी महारवाड्याची हद्द मात्र घराबाहेर होती. फ्रान्झ फॅनन या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञाने १९५२ मध्येच बजावले, की काळ्या माणसाचा न्यूनगंड केवळ त्याच्या घरात शोधून सापडणार नाही. तो समाजाने घडवलेला आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक जात लपवतो, ते नेणिवेतले दमन नव्हे. डोक्यावर छप्पर हवे म्हणून त्याने ते जाणूनबुजून केलेले असते.

मीही केले. डोंबिवलीत भाड्याची खोली घेताना आडनाव पुटपुटलो. बाबासाहेबांची तसबीर दर्शनी भिंतीवर लावायची की नाही, यावरून बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, “भीती घरमालकाची, आणि आवाज माझ्यावर?” पुढे ठाण्यात एका समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी आईविषयी खूप विचारले. घरमालकाविषयी चकार शब्द नाही.

जात वगळून मन तपासणारा उपचार अपुरा, हे आपण ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण जातीकडे बोट दाखवून घरातला हिशेब टाळणारा कार्यकर्ताही तितकाच अपुरा. बायकोच्या त्या प्रश्नाचे उत्तर ना फ्रॉइडकडे होते, ना माझ्या भाषणांत. ते मलाच द्यायचे होते.

दगडूने संशयाची कबुली दिली, हे त्याचे धाडस. परंतु सईने काय सोसले ते दगडू सांगेल तेवढेच आपल्याला कळते. तिचे ऐकायला कोणी दया पवार समोर बसला नव्हता. आपल्या समीक्षेने आता तरी तिथे बसावे.